चौकीपुढे थांबलेली घोडी

मी एक म्हातारी घोडी आहे, मित्रांनो. एके काळी माझा रंग पारवा होता, आता पांढराच म्हणा. दात बघून वय सांगणारे जाणकार माझा ओठ उचलतात, आत डोकावतात आणि काही न बोलता सोडून देतात. त्यावरून काय ते ओळखा.

माझा जन्म शहाद्याजवळच्या एका शेतात, कडब्याच्या गंजीमागे झाला. तीन वर्षांची झाले तेव्हा सरकारी माणसे आली. त्यांनी मला पळवून पाहिले, कानाजवळ पत्र्याचा डबा बडवून पाहिला. मी बिचकले नाही, म्हणून पसंत पडले. पोलिसांच्या पागेत मला नाव मिळाले नाही, नंबर मिळाला. डाव्या मांडीवर तापल्या लोखंडाने त्यांनी सातचा आकडा उमटवला.

तिथे मला शिस्त लागली. गर्दीत शिरायचे, पण लाथ झाडायची नाही. आणि पहाऱ्यावरचा खाकी शिपाई दिसला की त्याच्यापुढे थांबून ताठ उभे राहायचे. हे शेवटचे मी इतके छान करी की मोठे साहेबसुद्धा माझी मान थोपटत.

माझा स्वार होता रेवजी. तिशीतला, सडपातळ, धुळ्याकडचा. त्याची बायको तापाने गेली होती आणि घरी वाट पाहणारे कोणी नव्हते. खरारा करताना तो माझ्याशी हळू आवाजात बोले. पाच वर्षांत त्याने मला एकदाही मारले नव्हते.

मग १९४२ साल आले. पावसाळ्यात ‘चले जाव’ची हाक उठली आणि आमच्या भागात तारायंत्राच्या तारा तुटू लागल्या. त्या कामात पुढे होता डोंगरसिंग नावाचा एक शेतकरी. त्याच्यावर वॉरंट निघाले, पण चार महिने तो कोणाच्या हाती लागला नाही. त्याची बहीण तुळशीबाई दरवर्षी सारंगखेड्याच्या घोडेबाजारात खानावळ लावते, एवढे मात्र आमच्या फौजदारांना कळले. भाऊ बहिणीला भेटायला येणारच, असा त्यांनी हिशेब बांधला.

त्यांनी रेवजीची वर्दी उतरवली. धोतर, बंडी, फेटा चढवून त्याला घोड्यांचा व्यापारी केले. माझ्या मांडीवरचा आकडा झाकायला अंगावर जाड झूल टाकली. रेवजीच्या गळ्यात बंडीखाली एक शिट्टी अडकवली. डोंगरसिंग दिसला की ती वाजवायची, मग जत्रेत पेरलेले शिपाई धावून येतील, असे ठरले. शेवटी फौजदार म्हणाले, “आणि हे बघ, घोडी सरकारी आहे. विकायची नाही.”

हा हुकूमच मुळात चुकीचा होता. पण ती चूक फौजदारांची. रेवजीच्या चुका पुढे आहेत.

सारंगखेड्याला तापीच्या काठी शेकडो घोडी बांधली होती. तुळशीबाईच्या खानावळीसमोरच रेवजीने खुंटा ठोकला. पहिल्याच दिवशी उदेसिंग नावाचा एक वयस्क व्यापारी आला. त्याने माझे खूर पाहिले, पायांवरून हात फिरवला. त्या हातानेच मला सांगितले की हा माणूस घोड्यांत वाढला आहे. मग त्याने खांद्यावरचा रुमाल काढून रेवजीच्या हातावर टाकला आणि रुमालाखाली आपला हात घातला.

मित्रांनो, घोडेबाजारात भाव तोंडाने बोलत नाहीत. रुमालाखाली एकमेकांची बोटे दाबून आकडा सांगतात, म्हणजे शेजारच्याला कळत नाही. रेवजीला हे ठाऊकच नव्हते. उदेसिंगने दोन बोटे धरली, वाट पाहिली, मग तीन धरली. रेवजी नुसता हात देऊन उभा राहिला, जसा नाडी दाखवायला वैद्यापुढे बसावा. उदेसिंगने हात काढून घेतला.

“घोडी इकानी शे का?” त्याने विचारले.

इतक्यात विकायची नाही, असे रेवजी कसेबसे म्हणाला.

“इकानी नही ते मंग बाजारमा काबर आनी?”

रेवजीने काहीतरी उत्तर दिले. उदेसिंगने रुमालाची घडी केली आणि तो समोरच्या खानावळीत जाऊन बसला. तुळशीबाईने न मागता त्याच्यापुढे पाण्याचा तांब्या ठेवला. ती त्याची विधवा सून होती. जत्रेतल्या पोरासोरांना हे माहीत होते. रेवजीने कोणाला विचारले नाही.

दुसरी चूक माझी आहे. ती मी लपवत नाही.

संध्याकाळी रेवजी मला नदीवर पाणी पाजून परत आणत होता. वाटेत जत्रेतल्या पोलीस चौकीची राहुटी होती आणि दारात एक खाकी शिपाई उभा होता. मी थांबले. मान उंच केली, चारही पाय जुळवले आणि ताठ उभी राहिले. रेवजीने लगाम ओढला, टाच दिली, कुजबुजून विनवले. पण पाच वर्षांची सवय अशी कुठे सुटते? शिपायाने आधी माझ्याकडे पाहिले, मग रेवजीच्या फेट्याकडे, आणि नकळत त्याचा हात सलामाला वर जाऊन अर्ध्यातच थांबला. पाण्याची घागर घेऊन तुळशीबाई मागून येत होती. तिने आम्हाला वळसा घातला आणि ती पुढे निघून गेली. घाईसुद्धा केली नाही.

त्यानंतर आमच्या खुंट्याकडे गिऱ्हाईक फिरकेना. सगळे लांबून पाहत. रेवजी खानावळीत शिरला की बोलणी बंद पडत, नुसता भाकरी थापल्याचा आवाज राही. तो भाकरीचा तुकडा मोडून आधी हुंगू लागला. चौथ्या सकाळी आम्ही दोघे जागे झालो तेव्हा माझी झूल अंगावर नव्हती. ती समोर जमिनीवर ठेवलेली होती, नीट चौपदरी घडी करून. मांडीवरचा सातचा आकडा उन्हात सगळ्या बाजाराला दिसत होता.

रेवजीने झूल पुन्हा माझ्यावर टाकली. आपण ओळखले गेलो आहोत, हे त्याने त्याच वेळी फौजदारांना कळवायला हवे होते. पण भित्रा म्हणतील, या भीतीने तो गप्प राहिला. मला वाटते, सगळ्या चुकांत हीच मोठी.

कारण त्याच दुपारी तुळशीबाई चुलीपाशी कोणाला तरी सांगत होती, “भाऊ उद्या दुपारले कोळीसना घाटवरथून पल्याड जाई ऱ्हायना.” ती एरवी इतकी हळू बोलायची की चुलीपाशी बसलेल्यालाही ऐकू येऊ नये. त्या दिवशी तिचा आवाज माझ्या खुंट्यापर्यंत स्पष्ट आला. माझे कान टवकारले. रेवजीचेही टवकारले, पण त्याला शंका आली नाही, आनंद झाला. त्याने निरोप धाडला.

दुसऱ्या दिवशी सगळे शिपाई कोळ्यांच्या घाटावर दबा धरून बसले. तिथे कोणी आले नाही. आणि इकडे, मोकळ्या झालेल्या जत्रेत, डोंगरसिंग बहिणीच्या हातचे पोटभर जेवून गेला.

फौजदारांनी रेवजीला ज्वारीच्या शेतात गाठले. ते आरडाओरडा करणारे गृहस्थ नव्हते. त्यांनी शांतपणे विचारले, “किती दिवस त्यांच्यात आहेस?” रेवजीने शपथा घेतल्या. फौजदार त्याच्याकडे नव्हे, माझ्याकडे बघत होते, जणू मी साक्ष देणार होते. “उद्यापर्यंत तो माणूस मला पाहिजे,” ते म्हणाले. “नाहीतर त्याच्या जागी तू.”

आता रेवजीला दोन्हीकडून भीती होती. खाकी दिसली तरी तो दचके, फेटा दिसला तरी दचके. तुम्ही कधी घाबरलेल्या माणसाला पाठीवर घेतले नसेल. त्याच्या मांड्यांतली थरथर आपल्या फासळ्यांत उतरते.

दुसऱ्या दिवशी दुपारी घोंगडी पांघरलेला एक माणूस खानावळीमागून निघाला आणि नदीकडे चालू लागला. फौजदारांनी दाखवलेल्या फोटोतली भुवईवरची खूण रेवजीने ओळखली. तो डोंगरसिंगच होता. त्याने मागे वळून एकदा पाहिले आणि चाल जराही वाढवली नाही. रेवजीने त्याच वेळी शिट्टी वाजवली असती तर काम झाले असते. पण पुन्हा फसलो तर काय, या विचाराने त्याने ठरवले की आपणच एकट्याने धरून न्यायचा.

डोंगरसिंग वाळूवरून, मग पाण्याच्या कडेने, मग वळणे घेत पलीकडच्या बेटावर गेला. तो सरळ का चालत नाही, हे रेवजीने लक्षात घेतले नाही. त्याने मला सरळ नाकासमोर हाकले. पाण्याच्या काठाशी मला कुजल्या गवताचा वास आला. वर पातळ वाळू, खाली गाळ. मी कान मागे टाकून थांबले. तेव्हा रेवजीने मला मारले. पाच वर्षांत पहिल्यांदा, चाबकाच्या मुठीने, डोळ्याच्या वर.

मी गेले.

चार पावलांत गुडघे बुडाले, सहाव्यात पोट टेकले. रेवजी उडी मारून उतरला आणि कमरेपर्यंत रुतला. जितके हातपाय हलवू तितके खाली जात होतो. बेटावर डोंगरसिंग उभा राहून पाहत होता. त्याने घोंगडी सारखी केली. मला वाटले, आता तो निघून जाईल.

मागच्या काठावरून उदेसिंग दोराचे वेटोळे घेऊन आला. त्याला त्या गाळातली घट्ट जागा पावलापावलाने माहीत होती. त्याने फास माझ्या मानेत टाकला आणि दुसरे टोक बेटावर फेकले. क्षणभर डोंगरसिंग हलला नाही. मग त्याने दोर उचलला. रेवजी काहीतरी बोलू लागला तेव्हा उदेसिंगने त्याच्याकडे बघितलेही नाही.

“मी घोडीसाठे उनू, तुन्हासाठे नही. शेपटी धर.”

मग उदेसिंगही घट्ट जागेवरून बेटावर गेला. किती वेळ ते दोघे ओढत होते कोण जाणे. दोराने माझी मान सोलून निघाली. मागचा डावा पाय आत कुठेतरी मोडल्यासारखा झाला. पण मी बेटावर आले आणि माझ्या शेपटीला धरून रेवजी आला. दोघे ओढणारे धापा टाकत वाळूत बसले होते, त्यांच्यात पळायची ताकद नव्हती. घाटावर शिपायांच्या टोप्या दिसत होत्या.

रेवजीने बंडीतून शिट्टी काढली. डोंगरसिंगने ती पाहिली.

“फुकनी व्हई ते फुक,” तो म्हणाला.

रेवजीने अंगठ्याने शिट्टीतला चिखल काढला. पाण्यात बुडवून ती धुतली. बराच वेळ तो ती हातात धरून बसला. मग त्याने ती परत बंडीत टाकली आणि ओंजळीने पाणी घेऊन माझ्या डोळ्यावरची जखम धुऊ लागला. त्याची नजर वर गेली नाही. थोड्या वेळाने ते दोघे उठून निघून गेले.

फौजदारांनी विचारले तेव्हा रेवजीने सांगितले की शिट्टीत चिखल भरला होता आणि घोडी आपणहून बाहेर आली. फौजदारांनी माझ्या मानेवरचे दोराचे वळ बोटाने मोजले. घोडी स्वतःच्या गळ्यात फास घालते का, असे त्यांनी विचारले. दोर कोणाचा, हे सांगितले असते तर रेवजी सुटला असता. त्याने सांगितले नाही. त्याची नोकरी गेली आणि दीड वर्ष तुरुंगात गेले.

मी लंगडी झाले होते. पागेच्या टोकाला, गळक्या पत्र्याखाली, माझी जागा आली. ज्यांनी मान थोपटली होती त्यांनी माझ्याकडे पाठ फिरवली. खुरात पू झाला तरी पाय कोणी उचलून पाहिला नाही. शेवटी लिलावात मला काढले, तेव्हा घेणारा एकच निघाला. तो उदेसिंग होता.

त्याच्या गोठ्यात आले त्या उन्हाळ्यात डोंगरसिंग पकडला गेला. सगळे म्हणाले, हे त्या घोडीवाल्या पोलिसाचेच काम, तुरुंगातून त्यानेच खबर दिली. म्हणून तुरुंगातून सुटलेला रेवजी उदेसिंगच्या दारात येऊन उभा राहिला, तेव्हा तुळशीबाईने विळा हातातून खाली ठेवला नाही. उदेसिंगने सरळ विचारले. मी नाही, असे रेवजी म्हणाला. खरे वाटावे असा काही पुरावा त्याच्याजवळ नव्हता. घोडी बघतो आणि जातो, एवढेच त्याने मागितले.

त्याने माझा पाय मांडीवर घेतला, खूर कोरला, पू काढला, हळद आणि तेल भरले. दुसऱ्या दिवशी पुन्हा आला. मग त्याला कोणी ये म्हटले नाही आणि जा म्हटले नाही. तो कडबा कापी, पाणी भरी आणि तुळशीबाई त्याची भाकरी ओट्यावर ठेवून आत जाई. घरात काही बोलायचे असले की आधी दार लागे. दोन वर्षे असेच चालले.

मग डोंगरसिंग सुटून आला. तो अंगणात शिरला तेव्हा रेवजी माझ्या पाठीला खरारा करत होता. त्याचा हात थांबला. डोंगरसिंग तिथेच उभा राहिला. तो बराच वाळला होता.

“माले धरी देनारा मन्हा घरनाच व्हता,” तो बहिणीला म्हणाला. “तुळशी, आते याले घरमा जेवाले बसाड.”

तुळशीबाईने आत जाऊन चुलीजवळ गोणपाट अंथरले. रेवजीने हात धुतले, पुसले आणि पुन्हा धुतले. मग तो उंबरा ओलांडून आत गेला. मी बाहेर उभी राहून त्या घरात भाकरी थापल्याचा आवाज ऐकला. त्या दिवशी त्याच्याबरोबर बोलण्याचाही आवाज येत होता.

मित्रांनो, माझे आता फार दिवस राहिले नाहीत, म्हणून एक मागते. तुमच्या दारात घोडी असो, बैल असो, गाढव असो, रोज संध्याकाळी त्याचा पाय उचलून बघा. थकले की नंबर देऊन कोपऱ्यात टाकू नका. आणि जी वाट तुम्हाला ठाऊक नाही, तिच्यावर ते थांबले तर तुम्हीही थांबा. मारू नका. माराल तर ते पुढे जाईल, कारण तुम्ही सांगितले आहे.