दोघांनी मिळून ऐकायचा स्टेथोस्कोप

मित्रांनो, दवाखान्याच्या कपाटात, खालच्या कप्प्यात नळ्यांचा गुंता होऊन पडलेला जुना स्टेथोस्कोप म्हणजे मी. मला साधासुधा समजू नका. छातीवर टेकवायची चकती एकच, पण कानात घालायच्या जोड्या दोन. गुरू-शिष्यांना एकाच वेळी ऐकता यावं म्हणून कारखान्यात मला मुद्दाम असं घडवलं.

आमचे डॉक्टर म्हणजे साऱ्या वस्तीच्या घरातलेच. त्यांच्या हाताखाली शिकाऊ डॉक्टर येत. दोघांनी माझ्यातून ऐकायचं आणि आधी शिष्याने बोलायचं, हा त्यांचा नियम. संध्याकाळी सगळे गोल बसत आणि जो तो आपली त्या दिवसाची चूक सांगे. माझंही कौतुक होई, मी हुरळून जाई.

डॉक्टरांचे केस पिकले, तसे कानही थकले. बारीक आवाज त्यांना ऐकू येईनासे झाले. मला ते कळत होतं, पण मला कुठे तोंड आहे?

एकदा शिवणकाम करणाऱ्या मावशी धाप लागते म्हणून आल्या. नवी शिकाऊ मुलगी ऐकून म्हणाली, ठोक्यांच्या मध्ये फुसफुस येतेय, हृदयाची झडप नीट मिटत नसावी. डॉक्टरांना काहीच ऐकू आलं नाही. ते हसले.

"अगं, पुस्तकात वाचलेलं सगळं लगेच सापडायला लागलं का तुला?"

मावशीही हसल्या. पोरगी एवढंसं तोंड करून बसली. मावशींना ताकदीच्या गोळ्या मिळाल्या. मित्रांनो, माझ्या दोन्ही जोड्यांत आवाज सारखाच गेला होता. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

थोड्याच दिवसांत मावशी जिन्यात कोसळल्या. मोठ्या इस्पितळात निदान झालं, झडपच बिघडली होती. त्या संध्याकाळी डॉक्टर मान खाली घालून बसले होते. मुलगीच म्हणाली, चूक माझी, तुम्ही हसलात आणि मी पुढे गप्प बसले.

"नाही," डॉक्टर म्हणाले. "तू बोललीस. मला नीट ऐकू येत नाही, आणि ते मी तुमच्यापासून लपवलं."

मग मला खिशात घालून ते इस्पितळात गेले आणि मावशींनाही तेच सांगितलं. मावशींनी त्यांच्याकडे बघितलं.

"तुम्ही हसलात म्हणून मीही हसले हो, डॉक्टर."

डॉक्टरांना वर बघवेना. त्या दिवसापासून त्यांनी मला कानाला लावलं नाही, मी इथे कपाटात आहे, माझं रबर तडकत चाललंय. मित्रांनो, मला पुसा, जपा, पण एवढंच पुरे नाही. ज्याला ऐकू आलं, त्याला हसून गप्प करू नका. मावशी शिवण्याच्या मशीनवर पुन्हा बसू शकलेल्या नाहीत.