एक सुधीर, अकरा जर्सी

सुधीर कर्णिकला कुणालाही नाही म्हणता येत नसे. त्याची आई विमलाबाई म्हणायची, "याला यम न्यायला आला तरी हा म्हणेल, थांबा हं, चपला घालतो."

दुसरं महायुद्ध संपल्यावर कल्याणजवळच्या छावणीतल्या बराकी रिकाम्या पडल्या होत्या. त्यातल्या तीन बराकींत सुधीरचं कॉलेज भरायचं. मुलं इनमिन सत्तर, आणि त्यांत पळाल्यावर धाप न लागणारी अकराच. तीच अकरा पावसाळ्यात फुटबॉल खेळत, दिवाळीनंतर क्रिकेट आणि संक्रांतीच्या सुमारास हुतूतू. कुणीतरी व्हॉलीबॉलचं जाळं दिलं तेव्हा खेळायला पुन्हा तीच उभी राहिली. खेळांची अशी मिसळ झाल्यावर दुसरं काय होणार? एकदा भर फुटबॉलात बॅकने कंबर धरली, तर सुधीर दम रोखून मध्यरेषेकडे हात लांबवत चिखलात आडवा झाला. पंचांना शिट्टी कशाची वाजवावी तेच कळेना.

संध्याकाळी तो खाडीकाठच्या वाडीतल्या क्लबकडून खेळे. क्लबचा कॅप्टन काळुराम रेल्वेच्या यार्डात कामाला होता. सुधीरला फुटबॉल शिकवला तो त्यानेच. कॉलेजचा कॅप्टन आनंद दाते सुधीरच्याच बाकावर बसायचा. जर्सीचं त्रांगडं आणखी वेगळंच. कापड कॉलेजच्या प्राध्यापकांनी मिळवलेलं आणि शिवलेलं क्लबातल्या धोंडीबा शिंप्याने, म्हणून लाल रंगाच्या त्या अकरा जर्सी दोघांच्या सामाईक होत्या. ज्याची मॅच त्याने घालाव्या आणि धुऊन परत द्याव्या. दोघांची मॅच एका वेळी येईपर्यंत हे झकास चाललं.

त्या साली गणेशोत्सवातल्या ढालीच्या सामन्यांत कॉलेज आणि क्लब दोघेही फायनलला आले आणि मॅच आपसातच पडली.

आनंदने विचारलं, "रविवारी येतोयस ना?"

"येणार," सुधीर म्हणाला.

काळुरामनेही विचारलं, "रविवारी येशील ना रं?"

"येणार की."

दोन्ही खरं होतं. रविवारी तो मैदानावर जाणारच होता. कुणाकडून खेळायचं हा प्रश्न दोघांनाही पडला नव्हता, आणि सुधीरला तेवढा एकच पडला होता.

आठवडाभर त्याला जेवण गोड लागलं नाही. कॉलेजात त्याच्याखेरीज दहाच खेळणारे. तो गेला की संघ लंगडा. क्लबात पोरं ढीगभर, पण ज्या काळुरामने पायात बॉल धरायला शिकवलं, त्याच्याविरुद्ध उभं राहायचं कोणत्या तोंडाने? आईला विचारलं तर ती म्हणाली, "दोन डगरींवर पाय ठेवलास, आता फाटेपर्यंत उभा राहा." खरं सांगायचं तर कुठल्या बाजूने खेळावं याची त्याला तेवढी फिकीर नव्हती. कुणीतरी दंडाला धरून ओढावं आणि 'हा आमचा आहे' म्हणून भांडावं, एवढंच त्याला हवं होतं.

रविवारी भांडण झालं खरं.

"सुधीर आमच्या कॉलेजात शिकतो," आनंद म्हणाला.

"शिकतो तुमच्यात, खेळतो आमच्यात," काळुराम म्हणाला. "आन् जर्शीपन इकडंच ठेवा."

"जर्सी का म्हणून? कापड आमचं आहे."

सुधीर मध्ये उभा राहून दोघांकडे आळीपाळीने बघत होता. खोटं कशाला बोला, त्याला बरं वाटत होतं. पंच डिमेलो मास्तर मात्र वैतागले. चहाची वेळ टळत होती. त्यांनी नाणं काढलं आणि निकाल लावला: एक सुधीर, एक जर्सींचा गठ्ठा. टॉस जिंकेल त्याने दोन्हींतलं एक उचलावं, उरेल ते दुसऱ्याने घ्यावं आणि कुणी कटकट करू नये.

नाणं काळुरामच्या बाजूने पडलं. सुधीर नकळत एक पाऊल त्याच्याकडे सरकलासुद्धा.

"जर्शी," काळुराम म्हणाला.

त्याने गठ्ठा काखेत मारला आणि मागे न बघता निघून गेला. आनंदने सुधीरच्या पाठीवर थाप मारली, "चल, बनियन घाल." त्या थापेतही, मिळालास एकदाचा, यापलीकडे काही नव्हतं. सुधीरच्या डोळ्यांत पाणी आलं. कापडाच्या गठ्ठ्यापुढे आपण हरलो! लगेच वाटलं, छे, कॉलेजचे दहाच होतात म्हणून काळुरामने दया केली असेल. मग वाटलं, बांधावर सगळी वाडी जमली आहे, बायकापोरं आली आहेत, त्यांच्यासमोर लाल जर्सी घालून मिरवायचं असेल. तिन्ही पटत होतं आणि एकही पटत नव्हतं. या घोळातच शिट्टी झाली.

चिखल घोट्यापर्यंत होता. अर्ध्या तासात बनियनं मातकट झाली आणि जर्सीही मातकट झाल्या. कोण कुणाचा ते आवाजावरून ओळखायचं. तरी कॉलेजची पोरं इरेला पेटली होती आणि सुधीर त्यांच्यात सर्वांत जास्त धावत होता. काळुरामला दाखवायचंच होतं त्याला. खेळ संपत आला तरी गोल कुणाचाच नव्हता.

शेवटी बॉल सुधीरच्या पायात आला, आपल्याच गोलपुढे. तो बाहेर फटकावायला त्याने पाय उचलला, तेवढ्यात डावीकडून हाक आली, "सुधीर, दे रं!"

तीन पावसाळे त्या हाकेवर त्याचा पाय हलला होता. आताही हलला. बॉल सुरेख घरंगळत डावीकडे गेला आणि काळुरामने तो जाळ्यात घातला.

बांधावर ढोल वाजले. आनंद सुधीरपुढे येऊन उभा राहिला. ओरडलासुद्धा नाही. "मुद्दाम दिलास?" एवढंच त्याने विचारलं. सुधीरने नाही म्हणायला हवं होतं, आणि तेच त्याला जमत नव्हतं. आनंद पाठ फिरवून चालायला लागला. बाकीचे नऊही त्याच्यामागून गेले.

ढाल वाडीत गेली. तिच्यामागोमाग, कुणी बोलावलं नसताना, सुधीर चिखलाच्या बनियनातच वाडीच्या वाटेला लागला. काळुराम विहिरीवर पाय धूत होता.

"काळूदादा, टॉस तू जिंकलास. मग मला का नाही घेतलंस?"

काळुराम मोकळेपणाने हसला. त्या हसण्यात खोट नव्हती. हसता हसताच त्याने सुधीरच्या पायांवर एक बादली ओतली.

"अरे येड्या, जर्शी सोडली असती तर तिकडंच गेली असती. तू कुठं जानार होतास? तिकडून खेळलास तरी बॉल मलाच देनार, हे म्हायत नव्हतं का मला?"