तेवढं तुटू देऊ नकोस

ओबुराने दुसऱ्या कॅमेऱ्याची वायर पुन्हा लॅपटॉपमध्ये खोचली. अपोंडीने ती पुन्हा उपसली.

“दादा, याला एकच कॅमेरा झेपतो. दोन लावलेत तर मटकन बसेल.”

“अगं, अमेरिकेतली माणसं बघतायत! धूसर दिसलं तर काय अब्रू राहील आमची? आणि खाली पाहुण्यांची नावं सरकायला हवीत. आमदारसाहेबांचं सगळ्यात आधी.”

पंचक्रोशीतल्या मयती परदेशातल्या नातलगांना थेट दाखवायचं काम अपोंडीचं. लॅपटॉप म्हातारा, त्याचा पंखा दमेकऱ्यासारखा धापा टाकायचा. म्हणून तिने बाकी सगळं बंद केलं होतं, चित्र बारीक केलं होतं, आणि सिग्नल मिळावा म्हणून मोडेम आंब्याच्या फांदीला बांधून वायर खाली आणली होती.

ओबुराच्या आईचं छप्पर अख्खा पावसाळा गळत होतं, तेव्हा हा नैरोबीहून फिरकला नाही. आज अंगणात तीन तंबू, कापलेले बैल, छातीवर आईचा फोटो छापलेले शर्ट. अपोंडीला त्या तळणाच्या वासाचीसुद्धा शिसारी आली.

फोन थरथरला. मेसेज अचोलाचा, ओबुराच्या धाकट्या बहिणीचा. अमेरिकेत तिचे कागद अडकलेले; एकदा निघाली की परत शिरायची सोय नाही.

“मला भाषणं नकोत गं. आईवर माती पडेल, तेवढं तुटू देऊ नकोस.”

भाषणं मात्र संपता संपेनात. आमदार म्हातारीला एकदाही भेटले नव्हते, तरी तिच्या हातच्या माशाची चव सांगत होते. मध्येच वाऱ्याने फांदी हलली आणि अपोंडी मोडेम सावरायला झाडाकडे गेली. परत येते तो शवपेटी खड्ड्यात उतरलेली, दुसरी वायर लॅपटॉपमध्ये खोचलेली, आणि ओबुरा मूठभर माती टाकत हंबरडा फोडतोय. पडद्यावर त्याचं उघडं तोंड तसंच गोठलं.

“अडकलं?” ओबुराचं रडं नळ बंद करावा तसं थांबलं. “ए, फावडी थांबवा रे! मी पुन्हा टाकतो माती. कधी रडायचं ते तू सांग.”

फावडेवाले एकमेकांकडे बघत राहिले. शेजारची म्हातारी बाजूला थुंकली.

अपोंडीने दुसरी वायर ओढून काढली, चित्रच बंद केलं, नुसता आवाज ठेवला. पंख्याची धाप हळूहळू खाली आली.

“वेळ लागेल, दादा. तोवर तोंड धुऊन या. नाकातलं सगळं दिसतंय.”

ओबुरा लगबगीने तंबूकडे गेला.

तिने माईक लांब वायरीसकट खड्ड्याच्या काठावर नेला, गुडघे टेकले, ओंजळभर माती घेतली आणि माईकजवळून हळूहळू सोडली. पेटीवर ती पडत राहिली. मग तिने मान हलवली आणि फावडी सुरू झाली.

“अगं, थांबवायला सांगितलं होतं ना!” ओबुरा टाय सारखा करत धावत आला. “आता माझं काय?”

अपोंडीचा फोन पुन्हा थरथरला होता. अचोलाच.

“चित्र नाही आलं. पण माती ऐकली. पहिली, सावकाश पडली ती. ती कुणाच्या हातची?”

अपोंडीने मातकट बोटाने लिहिलं, “तुझ्या.”