केरूची फाशी रद्द

फाशी रद्द! वकिलांचा फोन ठेवला आणि पायात चपला न घालताच मी जयगडच्या आमच्या बौद्धवाडीतून धावत सुटलो. वय सदुसष्ट, गुडघे कामातून गेलेले, पण आज त्यांना विचारतो कोण! केरूसाठी राष्ट्रपतींकडे दयेचा अर्ज मीच लिहिला होता, संविधानाच्या बहात्तराव्या कलमाखाली.

मी विहारापर्यंत पोचतो तोवर बातमी माझ्यापुढे गेली होती. माझा जुना विद्यार्थी केतन, त्यानं ढोल बाहेर काढला होता. वाडीच्या मुंबईकरांच्या मंडळाचा फोन आला, येरवड्याला दोन गाड्या पाठवतो म्हणून. केरूला आणायला!

"आणायला? अक्कल गहाण टाकलीत काय रे?" मी ओरडलो. "फाशीची जन्मठेप झालीय. मरेपर्यंत तुरुंगातच राहणार तो."

"पन गुरुजी, कलम आपल्या बाबासायबांनी लिवलेला ना?" केतनचा चेहरा उतरला. "मग आपल्याच मानसाला असा अर्धवट सोडतात काय?"

आता या गाढवाला काय सांगू! नागरिकशास्त्र मीच शिकवलेलं याला. राष्ट्रपती शिक्षा पुरती माफ करू शकतात किंवा नुसती कमी करू शकतात, तेही मंत्रिमंडळाच्या सल्ल्यानं. इथे कमी केली होती.

"आणि कलम सगळ्यांसाठी असतं," मी म्हणालो. "दीपकसाठीसुद्धा."

केतननं ढोल खाली ठेवला. दीपक म्हणजे केरूचा धाकटा भाऊ. नऊ वर्षांपूर्वी बांधाच्या भांडणात केरूनं त्याला आणि त्याच्या बायकोला कोयत्यानं मारलं होतं.

दोघांची आई यमुनाबाई पडवीत तांदूळ निवडत होती. धापा टाकतच मी तिला सांगितलं. सूप बाजूला टाकून ती उठली, रडली, हसली, तिनं माझे हात धरून गदागदा हलवले. मलाही रडू आवरेना. एक तरी लेक राहिला तिचा.

"उद्याच्या उद्या येरवड्याला जाव्या, गुरुजी! गाडी बघा!"

मी चकित झालो. नऊ वर्षांत ती एकदाही केरूला भेटायला गेली नव्हती. रागानं जात नाही, असंच वाडी धरून चालली होती.

"भेटायचंय त्याला?"

"इचारायचाय," ती म्हणाली. "फाशी जानाऱ्याला कसा इचारू? त्याला आनखी कशाला जाळू? म्हनून इतकी वर्सा तोंड शिवून ऱ्हायले. आता तो जगनार हाय. आता इचारनार."

"काय विचारणार?"

"दीपकनं मरताना पानी मागलान काय. नि यानं दिलान काय."