नकाशावर बसलेली बाई

तानूबाई नकाशावर बसली.

सरळ चालत आली, ओढ्याची निळी रेघ ओलांडली आणि पलीकडच्या उतारावर मांडी घालून बसली. पदर सोडून तिने तो गुडघ्यांवरून जमिनीपर्यंत पसरला. शाळेपुढच्या अंगणात जमलेला सगळा पाडा हसला.

"आये, ऊठ! डोंगरावर बसलीस तू," तिचा मुलगा कल्पेश ओरडला.

"बसू दे. डोंगराला काय माझा भार होते?"

पुन्हा हशा. शोभाही हसली. मुंबईच्या संस्थेने तिला पाठवलं होतं. पोर्तुगीज गेल्याला चाळीस वर्षं होत आली, या काळात जमिनीच्या कायद्यांनी हवेली मुलखातल्या माणसांचं काय केलं, हे तिला लिहायचं होतं. रांधा गावाच्या पुढच्या या पाड्यापर्यंत ती सिल्वासाहून सरकारी जीपने आली होती. जीप देताना कचेरीने एकच अट घातली होती: नकाशाची एक प्रत आमच्याकडे द्या. तिच्या पर्समध्ये प्रशिक्षणात मिळालेली पातळ पुस्तिका होती.

    काठी लोकांच्या हाती द्या.
    तुम्ही मागे उभे राहा.

अंगणातल्या मातीत नकाशा आखायची काठी कल्पेशच्या हाती होती. खडोलीच्या कारखान्यातली रात्रपाळी संपवून तो थेट इथे आला होता; भुवयांत अजून सुताची पांढरी धूळ होती. घरांना चिंचोके, जंगलाला सागाची पानं, पाण्याला नीळ. कारखान्यांसाठी त्याने सुताचे रिकामे कोन आणले होते. ते एकेक करून उभे केले.

"हा आमचा. हा बाजूवाला. आन हा नवा येतो ना, तो. बराबर आहे ना, मॅडम?"

"फार सुंदर झालाय."

"आता फक्त आयेचं नागलीचं खेतर राह्यलं. ती नेमकी त्याच्यावरच बसली."

नागलीचं, म्हणजे नाचणीचं, ते शेत सासऱ्याने साफ केलं होतं. नवऱ्यामागे तानूबाईने राखलं. दप्तरी मात्र तिथे जंगल होतं, आणि जंगलात पेरणाऱ्याला कायदा चोर म्हणत होता. खालची भाताची खाचरं कायद्याने तिच्या नवऱ्याच्या नावावर केली होती. ती कालव्यात गेली. उरला होता तो हा उतार. मधुकर गुरुजींना हे ठाऊक होतं. कोकणातून नोकरीसाठी आलेले गुरुजी या पाड्यावरच जुने झाले होते.

तानूबाईने त्यांना हाताने खाली वाकवलं. हळू बोलली.

"पोर्तुगीजांचा शिपाय आला, दाखवा म्हनला. मोजणीवाले आले, दाखवा म्हनले. कालव्यावाले आले. दर टायमाला दाखवलं तं आमीच, गुरुजी."

"काय म्हणतायत?" शोभाने विचारलं.

गुरुजींनी जीपकडे पाहिलं. ड्रायव्हर टपाला टेकून बिडी ओढत होता.

"गुडघे धरलेत म्हणतात. उठवत नाही."

"कसला गुडघा!" कल्पेश म्हणाला. "सकाळी मोळी घेऊन डोंगर उतरली—"

"कल्पेश, तो हातपंप वाकडा झालाय. नीट कर आधी," गुरुजींनी त्याला मध्येच तोडलं.

"बसू द्या त्यांना," शोभा म्हणाली आणि आपल्या बाटलीतलं पाणी तानूबाईला दिलं. तिने ते पदर न हलू देता प्यायलं.

    जे जमिनीवर आहे तेच कागदावर उतरवा.
    आपल्या मनाचं काही घालू नका.

शोभा मोठा कागद घेऊन ओणवी झाली. शाळा. हातपंप. घरं. कालवा. कोन, कोन, कोन. ओढा. ओढ्यापलीकडे साग, मग

                    

आणि मग पुन्हा साग.

त्या रिकाम्या गोलावर तिची पेन्सिल थांबली. तिथेही चार पानं रेखाटावीत का, असं तिच्या हाताला वाटलेलं गुरुजींना दिसलं. तिथेही सागच आहे, बाई. वाक्य तयार होतं. त्यांच्या जिभेवर होतं.

"मॅडम, निकळीए?" निघायची घाई करत ड्रायव्हरने बिडी विझवली आणि तो जवळ आला.

शोभाने पेन्सिल उचलली. गोल तसाच राहिला.

गुरुजींनी चष्मा काढून पुसला.

नागली कणसावर आली तेव्हा जंगलखात्याचा गार्ड आणि एक मोजणीवाला शाळेत आले. नकाशाची झेरॉक्स त्यांनी टेबलावर उघडली.

"गुरुजी, तुमच्यासमोर काढलाय ना?"

"हो."

"चांगला काढलाय. हातपंप सोडला नाही, कालवा सोडला नाही. मग एवढंच कोरं कसं?"

"काही नाही तिथे."

"काही नाही? मग बघूनच येतो की."

गार्डने माठातलं पाणी घेतलं, मुलांना चांगलं शिका म्हणाला आणि दोघं ओढ्याच्या दिशेने गेले.

जंगलखात्याने हद्दीचा चर नागलीतूनच खणला. पुढच्या पावसाळ्यात त्या उतारावर निलगिरीची रोपं लागली. कल्पेश नरोलीत धुळ्याकडच्या पोरांबरोबर खोली घेऊन राहू लागला आणि घरी येईनासा झाला. काठी आपल्याच हातात होती, एवढंच तो कुणाकुणाला सांगत असे.

मधल्या सुट्टीत एकदा तानूबाई शाळेच्या पायरीशी आली.

"गुरुजी, मी तं उठली नाय. जीप जाईपावत बसली. मंग त्यांना उतार दिसला कसा?"

गुरुजींनी सुट्टी संपायच्या आतच घंटा दिली.

    दुसरी फेरी: त्याच लोकांना, त्याच जागी बोलवा.
    काय बदललं ते त्यांनाच दाखवू द्या.

दुसऱ्या वर्षी शोभा परत आली. अंगण झाडलेलं होतं, नीळ आणि चिंचोके तयार होते. माणसं मात्र कमी होती. त्यांतून तिने तानूबाईला ओळखलं आणि पर्समधून मलमाची ट्यूब काढली.

"तुमच्या गुडघ्यांसाठी. रोज झोपताना लावा. गुरुजी, सांगा ना त्यांना."

गुरुजींनी ट्यूब नुसती तिच्या हाती दिली. तानूबाईने ट्यूब उलटीपालटी करून पाहिली. मग गुरुजींकडे पाहिलं. मग झाडून कोऱ्या केलेल्या अंगणाकडे.

"बाय," ती शोभाला म्हणाली, "या खेपेला कुठं बसू?"

"कुठंही बसा, मावशी. थांबा, खाली नको. गुरुजी, एक खुर्ची मिळेल का यांना?"

गुरुजी खुर्ची आणायला वर्गात गेले. खुर्ची त्यांनी अंगणाबाहेर, शाळेच्या पायरीशी आणून ठेवली.