करपलेला ठिपका

मी एक कॅमेरा बोलतोय. लग्नं, वाढदिवस यांच्याशी माझा कधी संबंध आला नाही. मी अंधारात बघणारा. आधी सहा वर्षं दिघीला एका गोदामाच्या फाटकावर टांगलेला होतो. ट्रक, कुत्री आणि पेंगणारा रखवालदार, एवढंच बघायचं. माझ्या आत प्रकाश टिपणारे लाखो बारीक ठिपके आहेत. तिथल्या उन्हात त्यातला एक करपला, तेव्हापासून तो उजेड नसतानाही लकाकतो. फाटकावर ते कोणी मनावर घेतलं नाही.

गोदाम बंद झालं आणि मी तुळशीरामनानांकडे आलो. नानांनी तीस वर्षं आगरदांडा-दिघी फेरीबोटीचं सुकाणू धरलेलं. निवृत्त झाल्यावर त्यांना आकाशाचं वेड लागलं. पण मधुमेहाने डोळे अधू झाले, दुर्बिणीतून फिकट काही दिसेना. तेव्हा त्यांच्या मुलीने, रचनाने, डोळा लावायच्या जागी मला बसवलं. ती अलिबागला विज्ञान शिकवते. मी दहा-दहा सेकंदांचा उजेड साठवतो आणि गच्चीवरच्या जुन्या टीव्हीवर दाखवतो. दीर्घिका, तेजोमेघ, जे असेल ते. मला त्यात सुंदर वगैरे काही वाटत नाही. नाना मात्र पहिल्याच दिवशी रडले.

खाऱ्या हवेने गंजू नये म्हणून मैनाकाकू, म्हणजे नानांची बायको, मला तांदळाच्या डब्यात ठेवतात. माझ्या हुद्द्याला ते शोभत नाही, पण चालवून घेतो.

यंदा दिवाळीनंतर नानांनी बाकी सगळं सोडलं. रोज संध्याकाळी हाताच्या सवयीनेच दुर्बीण देवयानी दीर्घिकेवर. तिच्या कडेला म्हणे त्यांना नवा तारा सापडला होता.

"रोज तितंच हाय," ते काकूंना सांगत. "खाडीत हलतो तो होडीचा दिवा. हलत न्हाय तो किनाऱ्याचा. भरवसा त्याच्यावर ठेवायचा."

तो तारा म्हणजे माझा करपलेला ठिपका. मला ठाऊक होतं, पण सांगणार कसं?

नानांनी रचनाला बोलावून घेतलं. मुंबईच्या आकाशनिरीक्षक मंडळाला पत्र लिहायचं होतं. तिने आधी खात्री म्हणून दुर्बीण जराशी ढकलली. दीर्घिका पडद्याबाहेर गेली. ठिपका जागच्या जागी.

"नाना, हा तारा नाही. कॅमेऱ्यातला दोष आहे. बघा ना, दीर्घिका सरकली, हा सरकला नाही."

"कवा सरकली?"

रचना त्यांच्याकडे बघतच राहिली. "आत्ता. तुमच्यासमोर."

नाना म्हणाले, "मला त्यो ठिपकाच दिसतो गो. दिवाळीपासून दुसरं काय बी दिसत न्हाय."

"मंग बोलला का न्हाय?" काकू कळवळून म्हणाल्या.

"बोललो असतो तर गच्चीवर चढू दिलं असतंस?"

पत्र राहिलं. डॉक्टर म्हणाले, आहे तेवढी नजर टिकली तरी खूप. आता रचना दर शनिवारी येते, नानांचा हात धरून त्यांना वर आणते आणि टीव्हीशेजारी बसून सांगते, "दीर्घिका ठिपक्यापासून डावीकडे चार बोटं." नाना काचेवर बोटं टेकवून मोजतात. "हितं?" "हो, तिथेच." मग ते तळहात तिथेच ठेवून बसतात.

रचनाने नवा, निर्दोष कॅमेरा बघून ठेवलाय. तो माझ्याहून सरस असणार, यात वाद नाही. पण नानांनी बोटं मोजायची ती कुठून? म्हणून एवढीच विनंती: त्यांना तो ठिपका दिसतोय तोवर मला काढू नका.