बोरकर मूळचे कुठले

सांभारवडीचा दुसरा घाणा तेलात सोडून उपासनाने झारा कढईच्या काठावर टेकवला आणि सासूकडे न बघताच म्हणाली,

“आई, आज अटलांटाहून नंदा आणि विनय येतायत. त्यांना तुम्ही नुसतं नमस्कार म्हणाल का?”

गिरजाबाई ओट्याशी उभ्या राहून सारणात खोबरं मिसळत होत्या. त्यांचा हात थांबला नाही.

“बरं,” त्या म्हणाल्या.

त्या ‘काहून’ म्हणून विचारतील, असं उपासना आठवडाभर धरून चालली होती. उत्तरही तयार होतं. इथे अडीअडचणीला धावून येणारं मराठी माणूस म्हणजे हे एकच घर, पोराला, देवला, मराठी बोलायला तेवढंच कुणी मिळतं, असं बरंच काही. पण ‘बरं’वर काय बोलणार? वड्या एका बाजूने लाल झाल्या, तरी तिने त्या उलटल्या नाहीत. शेवटी गिरजाबाईंनीच झारा हातात घेतला.

त्या दिवशी दसरा होता, शनिवारी आलेला. गिरजाबाई पहाटेच अंघोळ करून पांढरी साडी नेसल्या होत्या. सतरा वर्षांच्या असताना त्या नागपूरच्या दीक्षेच्या मैदानावर बापाशेजारी उभ्या होत्या, आणि तेव्हापासून एकही दसरा त्यांनी तिथे गेल्याशिवाय काढला नव्हता. यंदा पहिल्यांदाच त्या लेकाकडे, दक्षिण जॉर्जियातल्या या दोन सिग्नलच्या गावात होत्या. प्रफुल्ल इथे लहान मुलांचा डॉक्टर होता. अमेरिकन डॉक्टर असल्या आडगावात यायला तयार नसत. तीन वर्षं इथे काढली की व्हिसाचा प्रश्न सुटायचा. दोन झाली होती.

नंदाशी ओळख झाली तीही तेव्हाच. अटलांटातल्या इंडियन स्टोअरमध्ये मराठी ऐकून तीच वळली होती. तिथेच, भाजीच्या रांगेसमोर, तिने विचारलं होतं, “बोरकर म्हणजे मूळचे गोव्याकडचे का?”

“असतील, मागे कधीतरी,” उपासना म्हणाली होती.

नंदाने त्यांना सारस्वत धरलं, उपासनाने धरू दिलं, एवढंच. पण त्यावर दोन वर्षांची मैत्री उभी राहिली. दर रविवारी फोन होई. लेक नीना जरा खोकली की नंदा प्रफुल्लला विचारल्याशिवाय औषध देत नसे. आणि गेल्या हिवाळ्यात त्याच नंदाच्या घरी जेवताना मेडिकलच्या राखीव जागांवरून विषय निघाला, तेव्हा नंदा हसत म्हणाली होती, “अशा डॉक्टरकडे मी तरी नाही बाई जाणार.” प्रफुल्ल ताटात बघत राहिला होता. 

“तू म्हणशील तसं,” आईला ‘नमस्कार’ म्हणायला सांगण्याबद्दलही तो एवढंच म्हणाला होता आणि सकाळी क्लिनिकला निघून गेला होता.

नंदा, तिचा नवरा विनय आणि नीना अकराला पोचले. नंदाने मिठाईचा डबा उपासनाच्या हातात दिला आणि वाकून गिरजाबाईंच्या पाया पडली. “मावशी, कसं वाटतंय अमेरिकेत?”

गिरजाबाईंनी दोन्ही हात जोडले. ओठ नेहमीच्या शब्दासाठी उघडले, मिटले, आणि मग त्या म्हणाल्या, “नमस्कार.”

फक्त उपासनाच्या लक्षात आलं. त्यानंतर ती गिरजाबाईंवरची नजर काढू शकेना. त्या बोलत होत्या, नीनाला जवळ घेत होत्या, पण विचारलं तेवढंच. एरवी कोणाही मराठी माणसाला पाच मिनिटांत गाव-पाव्हणे विचारणाऱ्या बाई आज खिडकीपाशी बसून बाहेरची झाडं बघत होत्या. रागावल्या असतील. की दुखावल्या? राग असता तर बरं, असं उपासनाला वाटलं. रागाला निदान काही म्हणता येतं.

जेवण शेजारच्या मिस ओडेसांकडे होतं. शाळेच्या स्वयंपाकघरात तीस वर्षं काम करून निवृत्त झालेल्या या काळ्या बाई सत्तरीतही ताठ चालत. घरामागे त्यांच्या मालकीची पिकानची बारा झाडं होती. अक्रोडाच्या जातीचं हे फळ ऑक्टोबरात गळायला लागलं की त्या एका शनिवारी झाडांखाली लांब टेबलं मांडत आणि चर्चमधल्या बायका, शेजारीपाजारी, सगळ्यांना जेवायला बोलवत. भल्या मोठ्या लोखंडी हंड्यात कोंबडी, मका आणि टोमॅटो रटरटत होतं. मक्याचा ब्रेड, शिजवलेली पालेभाजी, रताळ्याचं गोड सारण भरून भाजलेले पाइज ओळीने मांडलेले. एका पातेल्यात मीठ घालून उकडलेल्या भुईमुगाच्या शेंगा होत्या. त्या पाहून गिरजाबाई सकाळपासून पहिल्यांदा हसल्या.

“आपल्यासारख्याच हायेत,” त्या देवला म्हणाल्या.

“येस आजी, बॉइल्ड पीनट्स,” नऊ वर्षांचा देव म्हणाला आणि नीनाबरोबर पळाला.

प्रफुल्ल क्लिनिकमधून सरळ तिकडेच आला. ऊन कोवळं होतं, वारा सुटला की पिवळी पानं टेबलांवर पडत होती. विनयने बूट काढून गवतात पाय ठेवले आणि म्हणाला, “यार प्रफुल्ल, आम्ही उगाच शहरात मरतोय.” नंदा सांभारवडी खात होती. “आम्ही पुण्यात कोथिंबीर वडी म्हणतो, पण ही चव वेगळीच आहे. मावशींच्या हाताची ना?” सगळं छान चाललं होतं. उपासनाचं लक्ष मात्र नंदाकडे होतं. चर्चच्या बायकांनी इकडचं तिकडचं विचारलं, तरी ती आधी नंदा कुठे आहे ते बघून मग उत्तर देत होती.

मग मिस ओडेसांनी चमच्याने ग्लास वाजवला. सगळे उभे राहिले. दर वर्षी जेवणाआधी प्रार्थना त्या स्वतः म्हणत, पण यंदा साता समुद्रापलीकडून एक आई आली आहे, तेव्हा ती तिच्या भाषेत म्हणेल, असं त्यांनी जाहीर केलं. देवने आजीचा हात ओढून तिला ते मराठीत सांगितलं.

चाळीसएक माणसं हात धरून, माना खाली घालून थांबली. गिरजाबाईंचा एक हात मिस ओडेसांच्या हातात होता, दुसरा देवच्या. त्यांनी डोळे मिटले.  शब्द आला नाही. वारा आला, दोन-तीन पिकान टेबलावर टपटपले, तरी आला नाही. गिरजाबाईंनी डोळे उघडले आणि टेबलापलीकडे सुनेकडे पाहिलं.

“तू म्हण,” त्या म्हणाल्या.

सगळ्यांच्या माना उपासनाकडे वळल्या. नंदाने तिचा हात दाबला आणि हळूच कुजबुजली, “अगं, शाळेत डबा खायच्या आधी म्हणायचो ना, तीच म्हण. सोप्पी.”

उपासनाला ती येत होती. चौथीपर्यंत रोज म्हटलेली, सुरावर हात जोडून. म्हटली असती तर कुणालाच काही कळलं नसतं. तिने श्वास घेतला. टेबलापलीकडून गिरजाबाई अजून बघत होत्या. त्या नजरेत आग्रह नव्हता. परवानगी असल्यासारखं काहीतरी होतं, की तीच म्हण, चालेल. आणि ते मात्र उपासनाला सोसवलं नाही.

तिने बुद्धवंदना सुरू केली. पहिल्या ओळीला आवाज घोगरा लागला. दुसरीला टेबलाच्या टोकाकडून प्रफुल्लचा आवाज मिळाला, मग देवचा, ज्याला ती आजीने गेल्या दोन महिन्यांत शिकवली होती. बुद्धाला, धम्माला, संघाला शरण जाऊन झालं, आणि शेवटी, घरी म्हणत तसंच, उपासना मोठ्याने म्हणाली,

“जय भीम.”

“आमेन,” मिस ओडेसा म्हणाल्या, आणि सगळ्या टेबलाने ‘आमेन’ म्हटलं.

नंदाचा हात उपासनाच्या हातात होता. तो नंदाने झटकला नाही. फक्त बाकी सगळ्यांनी सोडले, तेव्हा सोडला, आणि मग ती बराच वेळ कागदी नॅपकिनची घडी घालत राहिली. विनय काहीतरी बोलायला हवं म्हणून हंड्यातल्या रश्श्याची तारीफ करत होता.

ताटं उचलताना दोघी एकट्या पडल्या.

“दोन वर्षांत बोलली नाहीस,” नंदा म्हणाली.

“हो.”

“आधी सांगितलं असतंस तर...”

“तर काय?”

नंदाने उष्टी ताटं पिशवीत भरली, पिशवीला गाठ मारली, ती नीट बसली नाही म्हणून सोडून पुन्हा मारली.

“तर मी जरा कमी बोलले असते,” ती म्हणाली.

चारलाच ती निघाली. नीनाला होमवर्क आहे म्हणाली. गाडीत बसताना उपासनाला मिठी मारली, नेहमीपेक्षा घट्ट की सैल, ते उपासनाला नंतर कितीही आठवून ठरवता आलं नाही. “दिवाळीचं कळवते,” नंदा म्हणाली. गेली दोन वर्षं दिवाळीचं कधी कळवावं लागलं नव्हतं. गाडी वळणावरून दिसेनाशी होईपर्यंत विनयचा हात मात्र खिडकीबाहेर हलत होता.

ऊन उतरलं. पाहुणे पांगले. प्रफुल्ल आणि देव टेबलं दुमडून शेडमध्ये नेत होते. गिरजाबाई एका खुर्चीवर बसून मिस ओडेसांनी दिलेल्या टोपलीतले पिकान निवडत होत्या. फुटके एकीकडे, चांगले एकीकडे. उपासना त्यांच्या पायाशी गवतात बसली.

“आई, सकाळी मी तसं सांगायला नको होतं. तुम्ही दिवसभर गप्प होतात.”

“तुझ्यापायी नव्हती गप्प.”

“मग?”

गिरजाबाईंनी एक पिकान कानाशी धरून हलवून बघितला आणि फुटक्यांत टाकला.

“प्रफुल्ल चौथीत होता,” त्या म्हणाल्या. “चांगली शाळा नागपुरात, महाल भागात. तिथं आपल्याले कोणी खोली देईना. मंग मी सांगतलं, आमी कुणबी. अकरा महिने राहिली तिथं. एक दिवस दारात दिगंबर उभा. माझा भाऊ. पायी आलेला, हातात प्रफुल्लसाठी पाटी. दारातूनच मोठ्यानं म्हणाला, जय भीम, गिरजा. ओसरीवर घरमालकीण बसली होती.”

त्यांनी टोपलीतून दुसरा पिकान घेतला.

“मग?”

“मी म्हटलं, पत्ता चुकला भाऊ तुमचा.”

शेडकडून देवचं हसणं ऐकू आलं. उपासनाचा हात टोपलीत होता, तो तिथेच राहिला.

“त्यानं पाटी उंबऱ्यावर ठेवली अन् गेला. मंग लग्नाकार्यात भेटला, मैदानावर दर दसऱ्याले भेटला, चांगला बोलला. तीस वर्षं झाली. पण माह्या दारात काही आला नाही.” गिरजाबाईंनी मांडीवरचा कचरा झटकला. “सकाळी तू म्हटलं, तवा मी तुले काय बोलणार होती? अन् मघा तोंड उघडलं, तर तोच दिसला समोर.”

दोघी निवडत राहिल्या. टोपलीत तळ दिसायला लागला.

“मामांकडे फोन आहे?” उपासनाने विचारलं.

“नातवानं घेतला म्हणे औंदा. नंबर प्रफुल्लच्या डायरीत हाय.” मग जरा वेळाने, “काय सांगशील तू त्याले?”

“मी नाही. तुम्ही बोलायचं.”

गिरजाबाई ‘नको’ म्हणाल्या नाहीत. उपासनाने मनाशी हिशेब केला. नागपुरात आत्ता पहाटेचे चार वाजले होते. म्हातारा माणूस, सहाला उठत असेल. म्हणजे अजून दोन तास. तिने उठून झाडाखालची दुसरी भरलेली टोपली ओढून आणली आणि दोघींच्या मध्ये ठेवली.